शून्याची साक्ष

१

गुरुवारी सकाळी अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी मुलुंड पूर्वेच्या स्नेहवर्धन सोसायटीच्या पंपरूममध्ये फटाक्यांची माळ एकदम पेटावी तसा आवाज झाला आणि सुयोग घाडी हा चौतीस वर्षांचा वायरमन पाठीवर फेकला गेला. उजवा पंजा भाजला, चेहऱ्याची एक बाजू भाजली. त्याच्या हातातल्या पान्याची कड वितळली होती. तो वाचला याचंच डॉक्टरांना नवल वाटलं.

शनिवार दुपारपर्यंत सगळ्यांनी मिळून अपघाताचं कारण ठरवूनही टाकलं होतं. पाण्याच्या पंपाचं पॅनल खोलण्याआधी सुयोगने तिथे वीज आहे की नाही ते आपल्या हातातल्या मल्टिमीटरने बघितलं असणार. पण मीटरची डायल डीसीवर होती. सोसायटीत येते ती एसी. डायल डीसीवर ठेवून एसी मोजली, तर तारेत चारशे व्होल्ट असले तरी मीटर शून्य दाखवतं. सुयोगने त्या शून्यावर विश्वास ठेवला आणि पाना लावला. सोसायटीचे सेक्रेटरी देवव्रत सबनीस यांनी नंतर काढलेल्या फोटोत मीटर स्पष्ट दिसत होतं. डायल डीसीवर, पडद्यावर शून्य. काम चालू असताना कुणी वीज सोडू नये म्हणून खालच्या मीटररूममधल्या मेन स्विचला घालायचं कुलूपही लावलेलं नव्हतं. सोमवारी विद्युत निरीक्षक येणार होते आणि सुयोगचा परवाना जाणार, हे सगळे धरूनच चालले होते.

सुयोगची बायको श्रुतिका त्या दुपारी रत्नप्रभा दळवींच्या घरी आली. रत्नप्रभाबाई सरकारी आयटीआयमध्ये सत्तावीस वर्षं इलेक्ट्रिशियनच्या मुलांना शिकवून निवृत्त झाल्या होत्या. सुयोग त्यांचा विद्यार्थी. त्याच्याच बाकावर बसणारा हर्षद मोंडकर हाही त्यांचाच. पास झाल्यावर दोघांनी मिळून धंदा सुरू करावा, हे बाईंनीच सुचवलं होतं. सुयोगचा हात सावध आणि हर्षदची जीभ गोड. बारा वर्षं ते एकत्र काम करत होते. हर्षद तर बाईंच्या घरातलाच झाला होता. त्यांचे यजमान आजारी असताना शेवटचे चार महिने औषधं, डबे, डॉक्टरकडच्या खेपा सगळं त्याने केलं होतं.

श्रुतिकाने खुर्चीत बसल्या बसल्या बोलायला सुरुवात केली. सुयोगला त्या सकाळचं काहीच आठवत नव्हतं. घरून निघालेला आठवतो आणि मग थेट दवाखान्याचं छत. हर्षददादा दोन्ही वेळ येतो, त्याला हाताने भरवतो, रात्री बाकावर झोपतो. तोही समजावतो, की निरीक्षकांपुढे चूक कबूल करून टाक, म्हणजे प्रकरण वाढणार नाही.

"घरातला पंखा काढायचा असला तरी सुयोग मेन बंद करून कुलूप घालतो, मॅडम," ती म्हणाली. "आणि आता विचारलं तर म्हणतो, माझ्याकडूनच झालं असेल. तुम्ही एकदा बघाल का?"

बाईंनी तिला चहा दिला. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. मीटर हातात घेतलं की आधी ते चालू आहे हे जिथे वीज नक्की आहे अशा सॉकेटवर बघायचं, मग कामाच्या जागी मोजायचं, मग पुन्हा त्या सॉकेटवर बघायचं. हे त्यांनी मुलांकडून इतक्या वेळा करून घेतलं होतं की मुलं चिडवायची. सुयोगने हे केलं असेल आणि डायल डीसीवर असेल, तर त्या चालू सॉकेटवरही शून्यच आलं असतं. तिथेच त्याला कळलं असतं.

म्हणजे एक तर सुयोग ते विसरला होता, नाहीतर डायल नंतर कुणीतरी फिरवली होती.

२

सबनीस निवृत्त बँक अधिकारी होते. मीटर त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात ठेवलं होतं. आयटीआयच्या बाई म्हटल्यावर त्यांनी कपाट उघडलं, पण आधीच सांगून टाकलं की आपल्याला त्यातलं काही कळत नाही आणि आपण मीटरला फक्त उचलण्यापुरता हात लावला. त्या दिवशी सुयोगला एका रहिवाशाच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. हर्षद सोबत गेला. मग वॉचमन धोंडिरामने पंपरूमला कुलूप घातलं. बारा वाजून वीस मिनिटांनी सबनीसांनी ते उघडायला लावून फोटो काढले आणि मीटर, पाना उचलून आणला.

बाईंनी मीटर टेबलावर ठेवलं. पिवळं, बऱ्यापैकी चांगल्या प्रतीचं. तारांच्या टोकांचं प्लास्टिक शाबूत, कुठे चीर नाही. काळी तार तिच्या जागी, लाल तार व्होल्टच्या भोकात. सुयोग वस्तू कशी ठेवतो ते त्यांना माहीत होतं. स्फोटाच्या वेळी मीटर पॅनलच्या दाराला अडकवलेलं असावं, कारण त्याच्या तोंडावर काजळी बसली होती. उडालेल्या तांब्याचा एक तिरका काळा फराटा पडद्याखालून निघून गोल डायलवरून पलीकडे गेला होता.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. फराटा सलग नव्हता. पडद्याखालून यायचा तो डायलच्या कडेपाशी तुटायचा. डायलवर दुसऱ्याच जागी सुरू व्हायचा. डायलपलीकडे पुन्हा भलतीकडे.

त्यांनी डायल हळूच एक खटका मागे घेतली. फराटा जवळ आला. आणखी एक खटका. तिन्ही तुकडे एका रेषेत जुळले आणि एकच सरळ पट्टा झाला.

डायलचा बाण आता एसी व्होल्टवर होता.

सबनीस वाकून बघत होते. त्यांनी विचारलं, याचा अर्थ काय. बाईंनी सांगितलं की स्फोट झाला त्या क्षणी डायल योग्य जागी होती. सुयोगने बरोबर मोजलं होतं आणि त्याने मोजलं तेव्हा तारेत वीज खरोखरच नव्हती. ती नंतर आली. आणि त्यानंतर कुणीतरी पंपरूममध्ये येऊन डायल दोन खटके पुढे सरकवली.

सबनीसांचा चेहरा उतरला. पण कुणी सरकवली, हे त्यांनी विचारलं नाही आणि बाईंनी ते लक्षात ठेवलं.

३

धोंडिराम गेटच्या केबिनमध्ये स्टुलावर बसला होता. साठीचा माणूस, सरळ मनाचा. त्याने सांगितलं की सुयोग कामाला आला की पहिल्यांदा केबिनमध्ये यायचा आणि ज्या सॉकेटवर धोंडिरामचा मोबाइल चार्जिंगला असतो त्यात मीटरच्या दोन काड्या घालून आकडा मोठ्याने वाचायचा. केबिनची वीज ऑफिसच्या मीटरवरून येते, त्यामुळे मेन बंद असला तरी तिथे चालू असते.

गुरुवारी आला होता का, असं बाईंनी विचारलं.

"आला की. दोनशे अडतीस म्हणाला. बोटातली अंगठी काढून खिशात टाकली आन् खाली गेला. मधी पुन्हा येऊन आकडा वाचून गेला. अर्ध्या तासात आवाज झाला."

तो डीसीवरचा आकडा असणं शक्यच नव्हतं. फराटा जे सांगत होता तेच धोंडिरामने वेगळ्या वाटेने सांगितलं. मग बाईंनी आवाज झाल्यानंतरचं विचारलं. धोंडिराम केबिनमधून धावला होता. पंपरूमच्या पायऱ्या तिथून तीस-चाळीस पावलांवर. तो पोचला तेव्हा हर्षद आधीच आत होता, सुयोगचं डोकं मांडीवर घेऊन हाका मारत होता.

"मित्र म्हणावं त्याला. माझ्या आधी पोचला," धोंडिराम म्हणाला.

बाईंनी वर पाहिलं. सात मजली इमारत. श्रुतिकाने त्यांना सांगितलं होतं की अपघाताच्या वेळी हर्षद गच्चीवर टाकीच्या फ्लोटचं काम करत होता. हे तिला हर्षदनेच सांगितलं होतं. लिफ्ट मेन स्विचवरच चालायची, म्हणजे ती बंद. सात मजले जिन्याने उतरून येणारा माणूस चाळीस पावलं धावणाऱ्याच्या आधी पोचत नाही. पंपरूमच्या पायऱ्यांना लागून असलेली एकच खोली होती. मीटररूम.

काहीतरी दुसरं कारण असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. तो पंपरूमकडेच काही विचारायला येत असेल. पाना न्यायला येत असेल.

शेवटचं म्हणून त्यांनी विचारलं की कुलूप घातल्यापासून सबनीस येईपर्यंत पंपरूममध्ये कोण गेलं होतं. धोंडिराम ठामपणे म्हणाला, कोणीच नाही. किल्ली त्याच्या कमरेला होती.

मग डायल फिरवली कोणी?

४

बाई ऑफिसात परत आल्या आणि सबनीसांच्या समोर बसल्या. त्यांनी डायल फिरवून मीटर चालू केलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि सबनीसांना फोनमधले फोटो दाखवायला सांगितले. फोटोवर वेळ होती. बारा वीस. पडद्यावर आकडे ठळक.

मग त्या घड्याळाकडे बघत बसल्या. सबनीस अस्वस्थ झाले. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी लिफ्टच्या देखभालीचं सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या गळतीचं सांगितलं. बाई हूं हूं करत होत्या. पंधराव्या मिनिटाला मीटरने बारीक आवाज केला आणि पडदा कोरा झाला.

सबनीसांना वाटलं ते बिघडलं. बाईंनी समजावलं की बॅटरी वाचावी म्हणून हे मीटर पंधरा मिनिटं कुणी हात लावला नाही की आपोआप बंद होतं. डायल फिरवली की पुन्हा चालू. अकरा पंचवीसला सुयोगच्या स्फोटानंतर कुणी हात न लावलेलं मीटर पावणेबाराच्या आत बंद व्हायला हवं होतं. बारा वीसच्या फोटोत ते चालू होतं. म्हणजे बारा पाच ते बारा वीस या वेळात कुणीतरी ते फिरवलं होतं.

"त्या वेळात आत गेलेले म्हणून मला फक्त तुम्ही माहीत आहात, सबनीस," बाई म्हणाल्या.

सबनीस पांढरे पडले. बाईंनी मीटर त्यांच्यापुढे सरकवलं आणि डीसी व्होल्टवर लावून दाखवायला सांगितलं. त्यांनी चष्म्यातून बराच वेळ चिन्हं न्याहाळली आणि डायल रोधाच्या, म्हणजे ओहमच्या, चिन्हावर नेऊन ठेवली. घोड्याच्या नालासारखं ते चिन्ह त्यांना डी वाटलं होतं. बाईंना जवळपास हसू आलं. ज्याने डायल सरकवली त्याला नेमकं कुठलं चिन्ह खोटं शून्य दाखवतं ते पाठ होतं.

पण सबनीस काहीतरी लपवत होते. बाईंनी सरळ विचारलं. थोडा वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवून ते बोलू लागले. लिफ्ट बंद होती म्हणून सातव्या मजल्यावरचे लोक त्यांना फोनवर फोन करत होते. अकरा दहाला ते स्वतः मीटररूममध्ये गेले होते. मेन स्विचचा दांडा खाली होता आणि त्याला लाल कुलूप होतं. वर कागद, 'काम चालू, हात लावू नये'.

"म्हणजे कुलूप होतं," बाई म्हणाल्या.

होतं. म्हणूनच त्यांनी गच्चीवर हर्षदला फोन लावला. दोनदा. दुसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात. दहा मिनिटांत लिफ्ट चालू झाली नाही तर पुढच्या वर्षीचं काम दुसऱ्याला देऊ, असंही म्हणाले. हर्षद म्हणाला, बघतो. स्फोटानंतर सबनीस पुन्हा खाली गेले तेव्हा दांडा वर होता, फ्यूज जळले होते आणि कुलूप नव्हतं. आपल्या फोनमुळे हे झालं असं कुणी म्हणेल, या भीतीने त्यांनी कुलपाचा विषयच काढला नाही. कुलूप नव्हतं, एवढंच सगळ्यांना सांगितलं. ते खोटंही नव्हतं.

कुलूप तोडलेलं नव्हतं. त्याचे तुकडे कुठे सापडले नव्हते. किल्लीने उघडलं गेलं होतं. आणि सुयोगची किल्ली त्याच्या गळ्यातल्या दोऱ्यात असायची.

५

रविवारी सकाळी बाई दवाखान्यात गेल्या. सुयोगला नुकतंच इंजेक्शन दिलं होतं, तो झोपला होता. चेहऱ्याच्या उघड्या राहिलेल्या बाजूवर दाढी वाढली होती. त्यांनी श्रुतिकाला बाहेर नेऊन दोनच गोष्टी विचारल्या.

गळ्यातला दोरा नर्सने कापून तिच्या हातात दिला होता. किल्ली त्यातच होती. ती अजून तिच्या पर्समध्ये होती, तिने काढून दाखवली.

दुसरी गोष्ट, सुयोगचा मोबाइल कुठे आहे. श्रुतिकाने तो तिच्याकडेच असल्याचं सांगितलं. तो सुयोगने नेहमीप्रमाणे बॅगेत ठेवला होता आणि बॅग पंपरूममध्ये राहिली होती. गुरुवारी ती दवाखान्यात पोचली तेव्हा हर्षददादा म्हणाला, मी जाऊन घेऊन येतो, लोकांचे फोन येतील. रिक्षाने गेला आणि साडेबाराच्या आत बॅग घेऊन परत आला.

बाईंनी तिथूनच धोंडिरामला फोन लावला. गुरुवारी बॅग न्यायला कोणी आलं होतं का. धोंडिराम म्हणाला, हां, हर्षद आला होता ना, सव्वाबाराच्या आसपास, मीच दार उघडून दिलं. मग काल का सांगितलं नाहीस, असं विचारल्यावर तो गोंधळला. तुम्ही परक्या माणसाचं विचारलंत असं वाटलं, म्हणाला. तो तर त्यांच्यातलाच.

बाई दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बराच वेळ बसून राहिल्या. दोन पोरं एका वर्गात होती तेव्हा त्यांनी टेबलावर एक बोर्ड मांडला होता. डायल डीसीवर ठेवून काड्या चालू सॉकेटमध्ये घातल्या आणि सगळ्या वर्गाला शून्य दाखवलं. हे शून्य माणूस मारतं, असं म्हणाल्या होत्या. सगळ्यांत आधी कारण सांगणारा मुलगा हर्षद होता. त्यांनी त्याला शाबासकी दिली होती.

त्यांनी त्याला फोन करून घरी बोलावलं.

हर्षद दुपारी आला. चपला काढून नेहमीसारखा थेट स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायला, माठाचं झाकण नीट लावलं. बाहेर येऊन बसला तेव्हा टेबलावर मीटर होतं. सबनीसांना सही देऊन बाईंनी ते आणलं होतं आणि डायल त्यांनी पुन्हा डीसीवर ठेवली होती. त्यांनी डायल दोन खटके मागे घेतली आणि काळा पट्टा जुळला.

हर्षद ते बघत राहिला. मग म्हणाला की सुयोग पडताना धक्का लागून फिरली असेल.

"मग मीटर पावणेबाराला बंद झालं असतं. बारा वीसला चालू होतं. तू सव्वाबाराला आत होतास. कुलपाला दुसरी किल्ली होती, हर्षद. ती तुझ्याकडे होती."

तो नाही म्हणाला नाही. कुलूप विकत घेतलं तेव्हा पाकिटात दोन किल्ल्या होत्या. एक कुलूप, एक किल्ली, ती काम करणाऱ्याच्या अंगावर, दुसरी मोडून टाकायची, हा बाईंचा नियम. सुयोगने दुसरी मोडायला दिली होती. हर्षदने ती ठेवून दिली, अडीअडचणीला लागेल म्हणून. गुरुवारी सबनीसांचा दुसरा फोन आल्यावर तो खाली उतरला. सुयोगला फोन लावला, तळघरात रेंज नव्हती. पायऱ्यांवरून एक हाक मारली. ओ आली नाही. पंपरूममध्ये उतरून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. त्याला वाटलं, सुयोग चहाला गेला असेल. पाच मिनिटं लिफ्ट चालू करावी, लोक गप्प बसतील, पुन्हा बंद करू. त्याने कुलूप काढून खिशात टाकलं आणि दांडा वर केला.

हे सांगताना तो रडला. खरंच रडला, बाईंना त्यात शंका वाटली नाही.

"तिथपर्यंत मला कळतं," त्या म्हणाल्या. "डायल का फिरवलीस?"

हर्षदने डोळे पुसले. दवाखान्यात बसल्यावर भीती वाटायला लागली, म्हणाला. सुयोग जगेल की नाही कळत नव्हतं. पोलीस येतील, माझी मुलगी लहान आहे. कुणीतरी विचारणारच की मीटर असताना हे झालं कसं. मग एकदम सुचलं.

"तुम्हीच शिकवलं होतं, मॅडम."

बाई उठून खिडकीपाशी गेल्या. हर्षद मागून बोलत राहिला. सुयोगला काहीच आठवत नाही. त्याने मनाशी मान्य केलंय. त्याचा परवाना सहा महिन्यांनी परत मिळेल, तोवर त्याचं घर मी चालवीन, आयुष्यभर चालवीन. माझ्यावर केस झाली तर दोन्ही घरं बुडतील. तुम्ही फक्त गप्प बसा. मी तुमच्यासाठी इतकं केलं, कधी काही मागितलं नाही.

शेवटचं वाक्य त्याने म्हणायला नको होतं. निदान ते त्या दिवशी नको होतं. बाई वळल्या.

"उद्या दहा वाजता निरीक्षक येतील. कुलूप आणि किल्ली घेऊन तू ये आणि तुझ्या तोंडाने सांग. नाही आलास तर मी सांगेन."

तो गेला. जाताना पाया पडायला वाकला आणि बाईंनी पाय मागे घेतले.

६

सोमवारी हर्षद आला. बाईंच्या जिवात जीव आला, पण तो दोन मिनिटंच टिकला. हर्षदने खिशातून लाल कुलूप काढून टेबलावर ठेवलं आणि निरीक्षकांना सांगितलं की दुसरी किल्ली सुयोगनेच त्याला वापरायला दिली होती आणि काम झालंय, मेन चालू कर, असंही सुयोगनेच सांगितलं होतं. हे सांगताना त्याने बाईंकडे एकदाही बघितलं नाही. सुयोगला काही आठवत नव्हतं, त्यामुळे ते खोडून काढायला बाईंच्या शब्दाशिवाय काही नव्हतं.

निरीक्षक शांत स्वभावाचे होते. त्यांनी सगळं लिहून घेतलं. बाईंनी जुळवून दाखवलेला फराटा बघितला, सबनीसांचा फोटो बघितला, धोंडिरामला बोलावून दोनशे अडतीसचं विचारलं. सबनीसांनीही या वेळी कुलूप आणि दोन्ही फोन कबूल केले. मग निरीक्षकांनी हर्षदला एकच प्रश्न केला. सुयोगच्या सांगण्यावरून चालू केलं होतं, तर कुलूप चार दिवस खिशात का ठेवलं आणि डायल का सरकवली?

हर्षद खाली बघत उभा राहिला. निरीक्षकांनी त्याची सही घेतली, पोलिसांना फोन केला आणि सुयोगच्या नावापुढे निष्काळजीपणा असं जे कच्चं लिहून आणलं होतं ते खोडलं.

संध्याकाळी बाई दवाखान्यात गेल्या. सुयोग उशीला टेकून बसला होता. दुपारी डॉक्टरांनी सांगितलं होतं की उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागतील. श्रुतिका पायापाशी बसली होती. तिला बाईंनी फोनवर थोडं सांगितलं होतं, पण सुयोगला सांगायचं धाडस तिला झालं नव्हतं.

बाईंनी सगळं सांगितलं, काही न गाळता. मेन स्विच, हाक, दवाखान्यातून परत जाऊन फिरवलेली डायल, आणि आज सकाळी टेबलावर कुलूप ठेवून बोललेलं खोटं. सुयोग समोरच्या भिंतीकडे बघत ऐकत होता.

"किल्ली मी दिली म्हणाला?" त्याने शेवटी विचारलं.

"हो."

"आणि काल रात्री इथेच झोपला होता."

श्रुतिका म्हणाली की काल रात्री हर्षदने त्याचे पाय चेपून दिले होते. बाईंनी सुयोगच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की तू काही चुकला नव्हतास. मीटर बघितलंस, अंगठी काढलीस, कुलूप लावलंस. मी शिकवलं त्यातलं एकही तू सोडलं नाहीस. निरीक्षकांनी लिहून दिलंय. परवाना राहणार.

हे ऐकून त्याला बरं वाटेल अशी त्यांची अपेक्षा होती. तीन दिवस त्या याच वाक्यासाठी धडपडत होत्या.

सुयोगने डोळे मिटले. पट्टीतून सुटलेल्या गालावरून पाणी ओघळलं.

"माझी चूक होती तोवर हर्षद तरी माझा होता, मॅडम," तो म्हणाला.

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली, नर्स येऊन सांगून गेली, तरी बाई बसून होत्या. हर्षदला सुयोगबरोबर धंद्यात त्यांनीच जोडून दिलं होतं, हे सुयोगने बोलून दाखवलं नाही. त्याने ते बोलून दाखवलं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं.